लेहपासून सव्वा तास

मी चौथीपर्यंतच शिकले, पण घड्याळात मला कोणी फसवू शकत नाही. लेह ते चंदीगड हवेतून चारशे किलोमीटर, विमानाला सव्वा तास. तिथून सेक्टर बावीसमधल्या आमच्या खोलीपर्यंत स्कूटरने अर्धा तास. आमचे हे, एकनाथ, हवाई दलाच्या मालवाहू विमानावर होते. लेहहून विमान सुटलं की चंदीगडच्या तळावरून जयंतभाऊजी त्यांच्या बायकोला, खाली राहणाऱ्या नीलाला, फोन करायचे. ती जिन्यातून मला ओरडून सांगायची. मी त्या बेताने कणीक मळायला घ्यायचे.

अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा. पंजाबात अतिरेकी पोलिसांची वर्दी चढवून यायचे आणि माणसं मारून जायचे. म्हणून आमचं ठरलेलं, दारावर कोणीही असो, आधी विचारायचं, सासूबाईंचं माहेर कुठलं?

त्या दिवशी सकाळी नऊला नीला ओरडली, "वहिनी, सुटलं हो! एकनाथभाऊजी आहेत त्यात."

साडेनऊला दार वाजलं.

"कोण?"

"मी."

"सासूबाईंचं माहेर?"

"औंध."

उघडलं. हेच होते. पण खोलीत गारठा शिरला, आणि विमानाच्या तेलाचा वास. बूट न काढता खाटेवर बसले. हे कधी बूट घालून उंबरा ओलांडत नाहीत.

"अर्ध्या तासात कसे आलात?"

"वारा पाठीशी होता..."

"आणि स्कूटर? ती पण वाऱ्याने आली? मला तर आवाज आला नाही."

हळूच म्हणाले, "आता कोणी आलं तर उघडू नकोस. माझा आवाज आला तरी..."

पळून जाऊ कुठे? माझा माणूस अजून आभाळात, आणि त्याच्या जागेवर हा. लाटणं घट्ट धरून दाराला पाठ लावून उभी राहिले. नजर घड्याळाच्या काट्यावर. त्याची माझ्यावर. पापणी लवत नव्हती.

पावणेअकराला खाली स्कूटर थांबली. जिन्यात बूट वाजले.

"अगं, उघड."

"सासूबाईंचं माहेर?"

"औंध! विहिणीसारखी उलटतपासणी काय करतेस? भूक लागलीय."

असं वसकन बोलणारा माझाच नवरा. खाटेवरचा उठला. "नको..."

"गप! लेहहून घरी यायला पावणेदोन तास लागतात. तू मेल्या कोण?"

कडी काढली. एकनाथ आत आले. वळून बघते तर खाट रिकामी. मी तोंड उघडेपर्यंत हे हातपाय धुवायला मोरीत गेलेसुद्धा. मला रडूच फुटलं. आला बाई सुखरूप. तवा ठेवला.

तेवढ्यात नीला धापा टाकत वर आली.

"वहिनी, काळजी करू नका हं. कधीची लाइनच लागत नव्हती. वाटेत ढग दाटले, विमान अर्ध्यातून फिरून परत लेहलाच उतरलंय. एकनाथभाऊजी स्वतः बोललेत ह्यांच्याशी, तिथून, आत्ता. उद्या येतील."

मोरीतलं पाणी थांबलं. आत दोघं जण हलक्या आवाजात बोलत होते. दोघांचाही आवाज एकनाथांचा.