राखेतला चौथा खूर

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तपासणी-यंत्राने टिकलीच्या कानातला बिल्ला लाल केला.

टिकली ही खिलार कालवड. वय सात महिने, अंग पांढरे, कपाळावर तांबूस ठिपका. हिवाळ्यात पाइपलाइनच्या चरात पडून तिचा पुढचा उजवा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले, हाड सांधले, तरी तो पाय काम करत नव्हता. बिल्ला लाल झाला तेव्हा गोठ्यात आणखी दोघे होते: टिकलीला वाढवणारी अकरा वर्षांची किमया आणि तिचे आजोबा. त्यांना घरात लहानथोर सगळेच आबा म्हणतात.

"लाल म्हंजे?" आबांनी विचारले.

"लाल म्हणजे निकामी," यंत्र म्हणाले. "पायातलं हाड विरळ झालं आहे. पुढच्या फेरीला माझ्याबरोबर गाडी येईल. जनावर संघाकडे परत जाईल."

माण तालुक्यातल्या खडकमाळ गावात कालवडी दूध संघ देतो आणि त्यांची तपासणीही संघच करतो. त्यासाठी हे यंत्र येते. चार चाके, उंटासारखी लांब मान आणि मानेच्या टोकाला अंगाच्या आतले हाड पाहणारा डोळा. गावातली मुले त्याला तपास्या म्हणतात. ते नियमाप्रमाणे काम करते आणि चिडत नाही. त्यामुळे त्याच्याशी भांडणे अवघड असते.

किमया गोठ्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली. एक हात या खांबाला, दुसरा त्या खांबाला.

"नेऊन दाखव," ती म्हणाली.

"ही हरकत समजू का?"

"समज."

"हरकतीचं कारण सांगा."

"ती माझी आहे."

"हे कारण यादीत नाही."

"मग यादीत घाल!"

तपास्याने मान थोडी तिरकी केली. "हरकत नोंदवली. पुढच्या फेरीला, म्हणजे दीड महिन्याने, पुन्हा तपासणी होईल. त्या वेळी हाडाचा आकडा ठरलेल्या मापापेक्षा कमी असेल तर हरकत चालणार नाही. आता वाट द्या."

किमयाने वाट दिली, पण अंग चोरूनच. तपास्या गेला आणि मागे एक कोडे राहिले. टिकलीला हिरवा चारा होता. आबा रोज पेंडीत खनिजांची पूड कालवत होते. जखम कधी चिघळली नव्हती. पायाला साधा धक्कासुद्धा बसू नये म्हणून किमयाने आणि आबांनी घरीच एक झोळीगाडी बनवली होती. जुन्या सायकलची दोन चाके, बांबूचा सांगाडा आणि टिकलीच्या छातीखालून जाणारी गोणपाटाची झोळी, तिला आतून गोधडीचा तुकडा शिवलेला. टिकली मागच्या पायांनी ढकलायची आणि गाडी चालायची. ती पाहायला शेजारच्या वाडीतून लोक आले होते. शाळेत दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

एवढी काळजी घेऊनही हाड विरळ का झाले?

"काळजी जास्त झाली असेल," मागून आवाज आला.

ईश्वरी आत्या काठी टेकत दारात उभी होती. ती आबांची मुलगी. चंद्रावरच्या तळावर दोन वर्षे दगडांचे नमुने गोळा करून महिन्यापूर्वीच घरी आली होती. तिथे माणसाचे वजन इथल्या सहाव्या हिश्श्याएवढेच भरते. परत आली तेव्हा तिला जिनासुद्धा चढवत नव्हता. डॉक्टरांनी सांगितले होते: हाडे भरून आली तरच पुन्हा चंद्रावर, नाहीतर खाली बसून काम. तेव्हापासून आत्या रोज सकाळी पाण्याने भरलेले लहान डबे दोन्ही हातांत घेऊन आवारात फेऱ्या मारायची आणि गोठ्याच्या पायरीवरून खाली उड्या मारायची. आधी अगदी छोट्या.

"ही बघा," आबा म्हणाले. "चंद्रावर धोंडे उचलत हुती, हितं बादली उचलंना."

"आबा, तिथं तुम्हीही बैल उचलला असता."

"आत्या, काळजी जास्त म्हणजे काय?" किमयाने विचारले. तिला चेष्टेत रस नव्हता.

आत्या पायरीवर बसली. "आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड. एकदा झालं की झालं. तसं नाही. हाडात रोज काम चालू असतं. एक टोळी जुनं हाड पोखरून काढते. त्या भंजक पेशी (हाड विरघळवून काढणाऱ्या पेशी). दुसरी टोळी नवं हाड रचते. त्या जनक पेशी (हाड बांधणाऱ्या पेशी). तुझ्या हाडात आत्ताही चालू आहे, माझ्याही."

"मग पाडायचं कुठं आणि बांधायचं कुठं, हे कोण ठरवतं?"

"मुकादम. हाडाच्या आत चिणून घेतल्यासारख्या आणखी काही पेशी असतात. आपण चाललो, उडी मारली, ओझं उचललं की हाड वाकतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं कमी, पण वाकतं. तो ताण या पेशींना कळतो. मग त्या बांधणाऱ्यांना हाक मारतात: इथं भार येतोय, इथं भक्कम करा."

"आणि भार आलाच नाही तर?"

"तर बांधणारे घरी बसतात. पोखरणारे मात्र कामावर येतच राहतात. चंद्रावर माझ्या पायांचं तेच झालं."

आबा पेंडीच्या घमेल्याकडे बघत होते. "म्हंजे मी हिला खनिजं चारतोय, ती वाया?"

"वाया नाही. पण विटा आणून टाकल्या आणि गवंडीच बोलावला नाही, तर भिंत उभी राहील का?"

आत्या झोळीगाडीकडे पाहत होती. किमयाने ते पाहिले आणि तिचा चेहरा लाल झाला.

"माझ्या गाडीला नाव ठेवू नकोस."

"नाव ठेवत नाही. पाय मोडला तेव्हा ती बरोबरच होती."

"मग आत्ता चूक कशी? तिला दुखू नये म्हणून बांधली मी! तू आलीस चंद्रावरून आणि लागलीस शिकवायला!"

ती निघून गेली. दुपारी जेवायला बसली, पण आत्याकडे पाठ करून.

संध्याकाळी मात्र तिने स्वतःच तपासायचे ठरवले. चुलीतली राख चाळून तिने गोठ्यासमोर पसरली. टिकलीला गाडीसकट त्यावरून नेले आणि मग गुडघ्यांवर बसून पाहिले. मागच्या दोन खुरांचे ठसे खोल होते. पुढच्या डाव्या खुराचा ठसा त्याहून उथळ, पण दोन्ही फाका स्पष्ट. उजव्या खुराच्या जागी नुसता एक ओरखडा होता. मांजराचे शेपूट घासून जावे तसा.

ती उठली, कातर आणली आणि झोळीच्या दोरीला लावली.

"थांब!" आत्या काठी टाकून धावली. तिचे ते धावणे पाहून आबाच घाबरले. "एकदम सोडलीस तर पाय पुन्हा मोडेल. विरळ हाड आहे ते."

"तूच म्हणालीस भार हवा!"

"हवा. पण पेलेल एवढाच. चंद्रावरून उतरले त्याच दिवशी मी या पायरीवरून उडी मारली असती, तर आज खाटेवर असते. थोडा भार द्यायचा, हाडाला बांधायला वेळ द्यायचा, मग आणखी थोडा. तालमीत पहिल्याच दिवशी कुणी शंभर बैठका काढत नाही."

"पण थोडा म्हणजे किती, हे कसं कळणार?"

उत्तर आबांकडे होते. बाजारात धान्याचे पोते लटकवून तोलतात तो ताणकाटा (आतली स्प्रिंग ताणली गेली की वजन दाखवणारा काटा) त्यांनी माळ्यावरून काढला. किमयाने तो बांबू आणि झोळीच्या दोरीच्या मधे अडकवला. झोळीने किती वजन उचलले आहे ते काटा दाखवणार. दोरी सैल केली की काट्यावरचे वजन कमी होणार. जेवढे कमी होईल, तेवढे टिकलीच्या पायांवर आले असे समजायचे.

गाडी तीच राहिली. तिचे काम मात्र उलटे झाले. आधी ती भार टाळत होती, आता भार मोजून देत होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी तिघींचा व्यायाम सुरू झाला. पुढे डबे घेतलेली आत्या, मागे गाडीतली टिकली, बाजूला किमया. आवारातून माळाच्या चढापर्यंत आणि परत. चार-पाच दिवसांनी दोरी थोडी सैल करायची आणि टिकली बिचकली नाही तरच पुढच्या वेळी आणखी. किमया राखेत ठसे बघायची. ओरखड्याची रेघ झाली. रेघेतून एक फाक उमटली.

गावातून जाताना टोमणे बसत. "किमे, कालवड पळवायला नेतीस का आत्याला?"

"दोघींना!" किमया न थांबता म्हणायची. "तुम्ही पण या, पोट सुटलंय!"

एकदा चढावर टिकलीचा पाय मुडपला. ती पुढे कलली. किमया झोळी आवळायला झेपावली, पण आत्याने तिचा दंड घट्ट धरला.

"सोड! पडेल ती!"

"काटा बघ. झोळी अजून निम्मं वजन उचलतेय. पडणार नाही. तिला ठरवू दे."

टिकलीने फुर्र केले. उजवा पाय चाचपडत पुढे टाकला, टेकवला आणि अंग वर घेतले. पाय थरथरत होता.

"तिला दुखत असेल," किमया हळूच म्हणाली.

"थकवा आला असेल. दुखलं तर ती पाय उचलून धरते, तेव्हा आपण थांबतोच. थकवा आणि दुखणं यातला फरक मलाही शिकावा लागला." आत्याने डबे पुन्हा उचलले. "चंद्रावर आम्हाला खाली ओढणारे पट्टे खांद्यांना बांधून पळायला लावतात. तोच भार, वेगळ्या रीतीनं. पण खांदे सोलून निघतात, म्हणून सगळे टाळाटाळ करतात."

"पट्ट्यांच्या आतून काय लावता?"

"काही नाही."

"काहीच नाही? टिकलीची छाती पहिल्या आठवड्यात अशीच सोलली होती. गोधडी लावा की! आणि बांधायचं नुसतं खांद्यावर नाही, कमरेवर पण. ओढ वाटून घ्यायची."

आत्या थांबली. "हे मला चित्र काढून दाखव," ती म्हणाली.

दीड महिन्याने तपास्या आला. मागे गाडी होती आणि गाडीवर संघाचे चालक, सोहमकाका. तपास्याने मान लांबवून टिकलीच्या पायावर डोळा फिरवला.

"हाडाची घनता (ठरावीक जागेत हाड किती दाट भरलं आहे त्याचं माप) एकसष्ट. किमान सत्तर हवी. बिल्ला लाल राहील."

सोहमकाकांनी गाडीची फळी खाली सोडली.

"मागच्या वेळी किती होती?" किमयाने विचारले.

"पंचेचाळीस."

"मग वाढली की नाही?"

"वाढली."

"मग निकामी कशी?"

"नियमात वाढ मोजत नाहीत. आकडा मोजतात."

"माझंही असंच मोजतात," आत्या म्हणाली. तिच्या हातात आता काठी नव्हती. "मी काल कुठं होते आणि आज कुठं आहे, हे कुणी विचारत नाही."

किमयाने आत्याकडे पाहिले, मग काट्याकडे. गेले काही दिवस काट्यावर जेमतेम गोधडीचे वजन दिसत होते. आत्याने होकाराची मान हलवली. किमयाने राखेचे घमेले आणले आणि तपास्यासमोर, गाडीच्या फळीपर्यंत, राख पसरली. मग झोळीची गाठ सोडली. सांगाडा बाजूला झाला. टिकली मोकळी उभी होती.

किमया राखेच्या पलीकडच्या टोकाला ज्वारीच्या हिरव्या कडवळाची पेंढी घेऊन बसली. "टिकले, ये."

टिकली आली. सरळ नाही, किंचित उजवीकडे झुकत, पण चारही पायांनी. पेंढी तिने किमयाच्या हातातून ओढून घेतली.

राखेत चौथा खूर उमटला होता. इतरांपेक्षा उथळ, पण दोन्ही फाका पूर्ण.

"आता ह्याचा आकडा सांग," किमया म्हणाली.

तपास्याने मान पार जमिनीपर्यंत वाकवली.

"या ठशासाठी माझ्याकडे रकाना नाही."

"मग वर विचार. अजून एक फेरी दिली तर हा आकडा किती होईल, तेही विचार. आणि उत्तर येईपर्यंत ती इथून हलणार नाही. मीही नाही." ती उठून फाटकात गेली. एक हात या खांबाला, दुसरा त्या खांबाला. या वेळी तिच्या शेजारी आत्या उभी राहिली आणि आत्याच्या शेजारी आबा.

"प्रश्न पुढे पाठवला आहे," तपास्या म्हणाला. बिल्ला लुकलुकला आणि पिवळा झाला.

"पिवळा म्हंजे?" आबांनी विचारले.

"पिवळा म्हणजे मला माहीत नाही."

"मग मी नेऊ कुणाला?" सोहमकाका म्हणाले.

"कुणाला न्हाई. च्या घ्या आन् जावा."

संघाचे उत्तर अजून आलेले नाही. आत्याची तपासणी पुढच्या सोमवारी आहे आणि तिचा आकडाही थोडा कमी पडेल असे तिला वाटते. ती आता वरच्या पायरीवरून उडी मारते. किमयाने काढलेले पट्ट्यांचे चित्र चंद्रावरच्या तळावर पोहोचले आहे. तिथून एवढीच विचारणा आली आहे की, गोधडी म्हणजे काय.

आज सकाळी झोळीगाडी गोठ्याबाहेर उलटी पडलेली होती आणि तिच्या चाकावर कोंबडी बसली होती. राखेत चार खूर होते. टिकलीच्या कानातला बिल्ला पिवळाच आहे.