पेवातलं ‘व्हय’

ए प्रेम, तो मोबाईल उपडा ठेव. समृद्धे, ये अशी पुढं. मी सांगताना मधी मधी ‘व्हय’ म्हणत जावा, न्हायतर मला वाटतं पोरं झोपली.

माझा मेव्हणा गोरोबा, नळदुर्गाकडचा. त्यानं डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. गेल्या साली, येळवशीच्या, म्हंजे वेळ अमावस्येच्या, आदल्या रात्री. त्याच्या शेजारी धनाजीचं घर. निजामाच्याबी आधीचं. दोन हात जाड दगडी भिंती, सागाच्या तुळया, वर मातीचं माळवद. भूकंपात निम्मं गाव बसलं, ह्या घराचा चिरा हालला न्हाय. आन् सोप्याच्या मधोमध पेव. म्हंजे जिमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार, तोंड माणूस जाईल एवढंच, आत रांजणासारखं पोट. पोती ओढून ओढून वरच्या तुळईला दोरीची खाच पडलेली. धनाजीच्या आज्यानं ते पेव बुजवलं न्हाय, पण उघडूबी दिलं न्हाय. तोंडावर मोठी फरशी. का, ते कुणी इचारलं न्हाय.

कॉलेजची पोरं घराचा नकाशा काढाय येणार व्हती. त्यांनी फोनवर पेवाची खोली इचारली. धनाजी म्हणला, “उद्या येळवशीला सगळे शेतात. आत्ताच मोजून टाकतो.”

जुनी माणसं आधी कंदील सोडायची. इझला की उतरायचं न्हाय, आत वारं कोंडलेलं असतंय. ह्या शहाण्यानं बॅटरी सोडली! बॅटरी कशाला इझतीय?

गोरोबानं दोरी तुळईवरून घेऊन धनाजीच्या काखेत बांधली. वर गोरोबा आन् धनाजीची बायको दैवशाला. उतरलेल्यानं बोलत ऱ्हायचं, आवाज थांबला की वरच्यांनी ओढायचं, एवढी रीत मात्र पाळली.

“भुसा हाय हितं... थंडगार हाय गं.”

मग जरा गप्प.

“आवं, बरं हाय का?” दैवशालानं इचारलं.

“व्हय.”

“टेप पोचला का तळाला?”

“व्हय.”

गोरोबानं दोरी सैल धरली. पण दैवशालाचं तोंड उतरलं. आवं, धनाजी म्हंजे बायकोला एका शब्दात व्हय म्हणणारा गडी न्हवं! आधी तणतण करणार, मग बोलणार. ती वाकली.

“माझ्या आईला म्हैनाभर हितं ठिवून घिऊ का?”

...

“व्हय.”

“भावजी, ओढा! हे ते न्हाईत!”

ओढलं. दोरी हालंना. धनाजी काडीपैलवान. तरी दोन माणसांचं वजन. हात सोलले. पुन्यांदा ओढलं. तोंडाशी आला... आन् दोरी एकदम हलकी झाली.

मान लोंबलेली. ओठ निळे. दैवशालानं त्याला फरफटत अंगणात नेलं. “मला टाकून जायचं न्हाय, सांगून ठिवते!” रडती, छातीवर बुक्क्या घालती. कधी तरी तो खोकला. त्याला ‘थंडगार’ म्हणल्यापुढचं काय बी आठवत न्हाय.

तेवढ्यात सोप्यातून... पेवातून...

“व्हय.”

गोरोबानं फरशी कशी लोटली, त्याचं त्यालाच ठाऊक.

मग उजेडात दोरी सोडाय बसले. काखेतल्या गाठीखाली दोरीचं शेपूट मोकळं लोंबत व्हतं. गोरोबानंच तसं सोडलेलं. आता त्याच्या टोकाला दुसरा फास व्हता. गच्च गाठीचा. एका माणसाच्या काखेत बसंल एवढा. रिकामा.

दैवशाला त्या फासाकडं बघत बसली. मग हळू म्हणली, “भावजी, आपण एकालाच वर काढलं.”

नकाशात पेव हाय, खोली न्हाय. आन् फास अजून त्याच तुळईला लोंबतोय. दैवशाला ती गाठ कुणाला सोडू देत न्हाय.

का रे, गप का झालात? म्हणा की...