शिळं मागणारा

भर दुपारी रुआबांधा वस्तीतल्या एका दारात एक उंच, घामेजलेला तरुण काचेची बाटली घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "घरात काही शिळं हाय काय?"

रुक्मा जागच्या जागी थिजली. रातपाळी करून खाटेवर पडलेला तिचा बाप देवाजी ताडकन उठला. शिळं! गावी त्याची आई दारोदार फिरून हेच मागायची. धम्म घेतला आणि देवाजीनं ते मागणं सोडलं, गावही सोडलं. पोलादाच्या भट्टीवर घाम गाळून तो ताठ मानेनं जेवत होता.

"चालता हो!" दार धाडकन लागलं.

दुसऱ्या दिवशी तोच तरुण रुक्माला नळावर भेटला. कान लालेलाल झालेले. "मी हिरालाल. दुर्गच्या चारा प्रयोगशाळेत हावो. मले आंबवलेलं पाहिजे होतं... शब्द चुकला."

"तुमचा शब्द चुकला, अन् बाबाची झोप उडाली!"

"माही पन उडाली," तो तिच्याकडे बघत म्हणाला, आणि घाईघाईनं बाटली पुसू लागला.

मग त्यानं समजावलं. आंबिलीत जिवाणू असतात. भाताच्या पेंढ्यातला चिवट धागा पचवणारा रस ते सोडतात, त्याला म्हणायचं विकर. तो भरपूर मिळाला, तर नुसता पेंढाही गुरांच्या अंगी लागेल.

रुक्मानं तोंडावर हात घेतला. "बाई! माह्या आंबिलीत किडे?"

"किडे नाही हो... कामगार!"

ती खुदकन हसली, आणि बापाच्या नकळत त्याला वाटीभर आंबील देऊन बसली. मग नळावरच्या भेटी वाढल्या.

"तुमचे कामगार लय आळशी," एकदा तो कुरकुरला. "साखर खाऊन फुगले, पन विकर सोडून नाही राहिले."

आठवड्यानं तो धावतच आला. "साखर बंद केली! कोंडा अन् पेंढाच देल्ला, तं तिप्पट विकर निघालं!"

"आयतं भेटल्यावर कोन राबन?"

"मले तं काहीच आयतं भेटून नाही राहिलं..."

"काय पाहिजे तुमाले?"

तो नुसता बघत राहिला — आणि रुक्माच्या हातून घागर निसटली. आपलं हे असं कधी झालं, तिचं तिलाच कळेना.

पुढच्या रविवारी हिरालालनं देवाजीकडे सरळ तिला मागणी घातली.

"तू तेल्याचा पोरगा," देवाजी सावकाश म्हणाला. "प्रयोगाले आमची आंबील चालली. तुह्या मायले आमच्या घरचं पानी चालन काय?"

हिरालाल तडक उठला. वळला आणि दाराबाहेर पडला.

गेला! रुक्माच्या पायाखालची जमीन सरकली. एका प्रश्नात सगळं संपलं?

तेवढ्यात दारात पुन्हा सावली पडली. हिरालालनं आईचा हात धरला होता. डोईवरचा पदर सावरत सिंधुताई उंबऱ्याशी घुटमळली. तिनं देवाजीकडे पाहिलं, मग रुक्माकडे. "उन्हात कवाची उभी हावो, पोरी. पानी तं दे."

रुक्मानं दिलेला तांब्या तोंडाशी नेताना ती क्षणभर अडखळली. पण ती घटाघटा प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत.

देवाजी आ वासून बघत राहिला.

"बाबा, मले हेच पाहिजेत!" कोण बोललं, म्हणून रुक्मानं दचकून वळून पाहिलं. मागं कोणीच नव्हतं. ती स्वतःच बोलली होती.

देवाजीनं डोळे पुसले, खाटेवरची गोधडी झटकली आणि म्हणाला, "बसा, इहीनबाई."