सुभेदाराची भाकरी

कुत्र्याला स्मारकाच्या बागेत नेऊन भाकरी चारून आणायची, एवढंच काम होतं त्या दिवशी. वात जरा वर करा, म्हणजे सांगते.

कुत्रं माझ्या दिराचं. सुग्रीवभाऊजी पलटणीतून हवालदार होऊन घरी आले, लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. कुत्र्याचं नाव ठेवलं सुभेदार. म्हणायचे, "वैनी, जलमभर सुभेदारानं मला उठबस करायला लावली. आता मी त्याला लावतो."

दिवस कलला की कुत्र्याच्या पट्ट्याला दोरी लावायची, फडक्यात भाकरी बांधायची, आणि दोघं निघायचे धर्मापुरीच्या रस्त्याला, जवानांच्या बागेत. सुभेदाराचं जेवण तिथंच. हुकूम झाल्याशिवाय भाकरीला तोंड लावायचं नाही, अशी त्याला शिस्त. मी एकदा म्हणलं, "भाऊजी, तुमचं बरं ऐकतंय हे." तर हसून म्हणाले, "माझं कुठं ऐकतंय, वैनी." मला वाटलं, चेष्टा.

दिवाळी सरली आणि भाऊजी झोपेतच गेले. भरल्या वयाचं माणूस, रडायचं नाही म्हणून आधीच बजावून ठेवलेलं. पण मातीच्या दिवसापासून कुत्र्यानं खाणं सोडलं. भाकरी ठेवली की ताठ बसायचं आणि वाट बघत राहायचं.

घरादारानं हुकूम देऊन बघितले. सून बबिता म्हणाली, "खा रे." लेक परमेश्वर म्हणाला, "जेव." मग म्हणाला, "घे." मग हिंदीत ओरडला. शेजारच्या राधाकिशननं तर टाच आपटून सलाम ठोकला. सुभेदारानं त्याच्याकडं असं बघितलं, की बिचारा पोट आत ओढून तसाच उभा राहिला. सिरसाळ्याहून ढोरांचे डॉक्टर आले, सुई टोचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज पोटात काही गेलं तर जगंल, आज्जी. उद्याचं खरं न्हाई."

म्हणून मी दोरी हातात घेतली.

"आत्या, सुतकात कुठं निघालाव?" बबिता म्हणाली.

"देवळात न्हाई जात ग मी."

बागेच्या फाटकावर रामहरी राखण्या. म्हणाला, "आज्जी, कुत्र्याला आत बंदी हाय."

"हवालदाराच्या बारीला व्हती का बंदी?"

"ते हवालदार व्हते."

"आन ह्यो सुभेदार हाय. सलाम कर अन् दार उघड."

हसत हसत उघडलं त्यानं. "दोरी तेवढी सोडू नका. मी दिवे लावून येतो," म्हणाला आणि मागच्या अंगाला गेला.

आत चिटपाखरू नव्हतं. झाडांना पाणी दिलेलं, ओल्या मातीचा वास, त्यात साखर कारखान्याकडून येणारा मळीचा आंबूस वास मिसळलेला. सुभेदाराच्या पायात जीव नव्हता, तरी मला ओढत होता. गेलेल्या जवानांची नावं कोरलेल्या काळ्या दगडांच्या ओळीत एका दगडासमोर जाऊन बसला. मला वाचता येत नाही, पण तो दगड माहीत होता. आमच्याच गावच्या मालनबाईच्या पोराचा, जीवनचा. जीवन आणि भाऊजी एकाच दिवशी भरती झालेले. भाऊजी पेन्शन घेऊन आले. जीवन मिसरूड फुटायच्या वयात तिरंग्यात आला. लहानपणी माझ्याच चुलीपाशी असायचा. हसू दाबून बोलायची सवय. "वैनी, भूक लागली..."

मी भाकरी ठेवली. कुत्रं बसलं. अंधार दाटत चालला, दिवे काही लागेनात. रातकिडे ओरडत होते ते एकदम थांबले. मळीचा वास विरला आणि बुटाच्या पालिशचा वास आला... ताजा. आत्ताच कुणीतरी चोळून ठेवल्यासारखा.

मग दगडाच्या अंगानं, हळूच...

"घे, सुभेदार."

कुत्रं भाकरीवर तुटून पडलं.

तोच शब्द. परमेश्वर म्हणाला होता तोच. पण हा आवाज कोवळा होता, आणि त्यात हसू दाबलेलं होतं. आवाज आला म्हणून मी भ्याले नाही. ओळखीचा निघाला म्हणून भ्याले.

"जीवन...?"

भाकरी चावल्याचा कर्रकर्र आवाज तेवढा. तो ऐकून मात्र जिवात जीव आला. कुत्रं जगलं. आणि लगेच बाईमाणसाच्या डोक्यात उद्याची चिंता. मी बोलून गेले, "आजचं भागलं, लेकरा. उद्याचं काय? माझ्या गुडघ्यानं रोज हितवर येणं व्हत न्हाई. भूक लागली की यायचास, तसा ये घरला. दार उघडंच असतंय."

जेवायला ये म्हणायची सवय जिभेला. कुणाला म्हणतोय ते ती कुठं बघते.

दिवे लागले. रामहरी आला. "आज्जी, कुणाशी बोलताव?"

"कुत्र्याशी."

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं की."

डोळे पुसले त्यानं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंगणात भाकरी ठेवली. सगळे जमले. सुभेदार बसला, कान टवकारले, दाराकडं बघितलं आणि खायला लागला. परमेश्वरनं टाळ्या पिटल्या. "आई, काय म्हणालीस ग त्याला?"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

तेव्हापासून रोज तसंच. आता असा गरगरीत झालाय, की पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. मालनबाई असती तर तिला सांगितलं असतं, तुझा पोरगा रोज घरी येतो, वेळ चुकवत नाही.

काल मात्र सुभेदारानं दाराकडं बघून लगेच भाकरीला तोंड लावलं नाही. त्याची मान दारापासून निघाली आणि अंगणाच्या कडेकडेनं सावकाश फिरत गेली. जरा थांबायची, पुढं जायची. रांगेत उभ्या माणसांची तोंडं एकेक करून बघावीत तशी, पार गोठ्यापर्यंत. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

त्या बागेत दगड काही एकट्या जीवनचा नाही.

मी आत गेले आणि बबिताला म्हणलं, "परातीत अजून पीठ घे."