दुसरं तिकीट

नेहमीचा टायपिस्ट रजेवर होता, म्हणून पिंपळीचा मल्हार त्या दुपारी बारामतीतल्या टायपिंगच्या या दुसऱ्या दुकानात शिरला. शहाण्णवचा जानेवारी होता. यंत्रामागं प्रतिक्षा बसली होती. मूळची इंदापूरची, इथं मावशीकडं राहायची.

"पासपोर्टचा अर्ज हाय."

"परदेशी निघालात?" तिनं मान वर न करता विचारलं.

"सिंगापूरहून जहाजानं फिरायचं, चार दिवस. ठिबकच्या नळ्या लई विकल्या, म्हणून कंपनीनं बक्षीस दिलंय. दिवाळीनंतर."

त्यानं रंगीत माहितीपत्रक उलगडलं. तेरा मजले, वर पोहायचा तलाव, पांढऱ्या टोप्यांचे आचारी… आणि त्यावर फिरणारं त्याचं बोट, नळ्या चिकटवून डागाळलेलं.

"दोन तिकिटं हायती. सपत्नीक." तो घुटमळला. "पत्नी न्हाय अजून."

"मग पत्नीचा रकाना रिकामा ठेवू?"

"ठेवा… सध्या."

पुढं तो येतच राहिला. कधी जन्मतारीख चुकलेली, कधी पिनकोड. दर वेळी जहाजाचा एकेक मजला सांगून जायचा. तो गेल्यावर दुकान जरा मोठं वाटतं, हे प्रतिक्षाच्या ध्यानात आलं. तिनं त्याचा फार विचार केला नाही.

फेब्रुवारीत कंपनीनं दुसरं नाव मागितलं.

"तुमचं टाइप करता?" मल्हार म्हणाला. "म्हंजे… लगीन करून."

तिची बोटं थांबली. आनंद झाला, आणि रागही आला.

"जहाजाला जोडी हवी म्हणून?"

"न्हाय वो—"

"मग जहाज वगळून विचारा."

तो माहितीपत्रक घडी घालून निघून गेला. चार दिवस फिरकला नाही. प्रतिक्षानं एकच प्रतिज्ञापत्र तीनदा टाइप केलं.

पाचव्या दिवशी तो आईला, सारजाबाईंना, घेऊन आला. "आईचा अर्ज करा. दुसरं तिकीट हिला."

"तितं भाकरी मिळती का गं?" सारजाबाईंनी विचारलं. अर्ज झाल्यावर त्या शेजारी फोटो काढायला गेल्या.

मल्हार उभाच राहिला. "आता जहाज न्हाय. तीन म्हशी हायती, नळ्यांचं दुकान हाय… आन् मी हाय. आता इचारतो."

प्रतिक्षानं कागद हळूच यंत्रातून सोडवला.

"बरं झालं. मला इंदापूरपर्यंतची एसटीसुद्धा लागते. जहाजावर काय झालं असतं माझं!"

"म्हंजे… व्हय का न्हाय?"

"म्हणजे रविवारी आमच्या अप्पांना भेटायला इंदापूरला या. दिवाळीनंतरपर्यंत थांबायचं नाही मला."