सकाळचा सराव, संध्याकाळचा सराव

वारंगा फाट्यावर निलमची स्कूटी पंक्चर झाली, ती नेमकी टायरच्या दुकानासमोर. दुकानातला तरुण हात पुसत बाहेर आला, चाकातून खिळा उपटला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"घ्या मॅडम. एवढुसा हाय, पण तुमाला थांबवलं त्यानं."

"मी मॅडम आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या पुनमच्या खेळाच्या मॅडम ना तुमी? मी तिचा भाऊ. देविदास."

निलम हायस्कूलमध्ये खेळ शिकवायची. नववीतली पुनम तिची सगळ्यात वेगवान मुलगी, तीन हजार मीटर धावणारी. आईवडील ऊसतोडीला गेल्यापासून तांड्यावर तिचं सगळं देविदासच बघत होता. पुनम जिल्ह्यात पहिली आली होती. विभागातही जिंकली तर क्रीडा वसतिगृहात जागा मिळण्याची आशा होती. नाहीतर पुढल्या हंगामात तिनं आपल्यासोबत ऊसतोडीला यावं, असं वडील हिरासिंग बजावून गेले होते.

पोरीच्या भावाशी नीट बोलायला हवं, असं निलमनं त्याच दिवशी ठरवलं. दोन दिवसांनी ती दुकानासमोर थांबली, आणि तोंडून निघालं...

"जरा हवा बघता का?"

"बराबर हाय."

"मागच्या चाकाची?"

"ती बी बराबर हाय... पण बघतो."

आणि त्यानं बघायला बराच वेळ लावला.

मग ते रोजचंच झालं. फाट्यावरचे सगळे त्याला भाऊ म्हणत. निलमच्या ओठांवर मात्र तो शब्द यायचा आणि तिथंच विरघळायचा. थंडीवर बोलणं व्हायचं, ट्रकांच्या भोंग्यांवर व्हायचं. पुनमचं मात्र राहून जायचं.

इकडे पुनमचा वेग कमी व्हायला लागला. आधी पाच सेकंद जास्त लागले, मग बारा. निलमला रात्री झोप लागेना. पोरगी आळस करते की काय? तिनं मैदानाच्या दोन फेऱ्या वाढवल्या.

"पुनम, कुठं दुखतं का गं?"

"न्हाई मॅडम." पुनम खाली बघून म्हणाली.

त्या संध्याकाळी निलम वाक्य पाठ करूनच फाट्यावर आली होती. 'घरी ती नीट जेवते का, झोपते का?' पण देविदास स्टूल पुढं सरकवत म्हणाला, "आज उशीर केला... मला वाटलं, येतच न्हाई तुमी." आणि पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं.

स्पर्धेला आठ दिवस उरले असताना पुनम चौथ्या फेरीत लंगडली आणि नडगी धरून खाली बसली. निलमनं देविदासला फोन लावला. तो काळ्या हातांनी तसाच मोटारसायकलवर आला.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

"हाडाला बारीक चीर आहे. रोज किती पळते ही?"

"संध्याकाळी पाच किलोमीटर," निलम म्हणाली.

देविदासचा चेहरा उतरला. "अन्... सकाळी सहा. माझ्या गाडीमागं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून दोघांकडे बघितलं. "तुम्ही एकमेकांना ओळखता का?"

"वळखतात तर!" पुनम डोळे पुसत म्हणाली. "रोज हवा बघून राहिले दोघं!"

सहा आठवडे धावणं बंद. विभागीय स्पर्धा गेली.

बाहेर बाकावर निलमचा आवाज चढला. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं काहून न्हाई?"

"मी रोज येत होते!"

"रोज येत व्हत्या, म्हणून तर..." तो काळे हात पुसत राहिला. "पोरीचा वेग घटला, हे मला बी दिसत व्हतं. वाटायचं, इचारावं. पण तुमाला वाटलं असतं, मी चुका काढून राहिलो. अन् तुमी येणंच बंद केलं असतं तर?"

 अगदी हीच भीती निलम महिनाभर उराशी घेऊन फिरत होती. आणि त्या भीतीची किंमत पलीकडे बसलेल्या पोरीच्या पायानं मोजली होती.

"पुनम, तू तरी सांगायचंस," ती हळूच म्हणाली.

"सांगितलं असतं तर एकाचा सराव बंद झाला असता ना. मग तुमी तरी नाराज, न्हाईतर दादा."

देविदासनं वडिलांना फोन लावला, पण 'बा, पुनमचा पाय...' एवढंच म्हणून तो निलमपुढं धरला. निलमनं फोन घेतला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजे खेळ संपला," पलीकडून हिरासिंग म्हणाले.

"यंदाचा संपला, काका. पुढल्या वर्षीही ती याच गटात धावू शकते. चूक तिची नाही, आमची आहे."

"आमची म्हंजे कोणाची?"

"माझी आणि... देविदासची."

तिनं पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. देविदासनं मान वर केली.

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाल्याचं ऐकू आलं. मग हिरासिंग म्हणाले, "पाडव्याला घरी येतो. तवा दोघं समोर बसून सांगा, पोरीचं काय करायचं ते. आधी एकमेकाला इचारा, मग मला सांगा."

फोन बंद झाला. होकार नव्हता. नकारही नव्हता.

"पाडव्याला याल तांड्यावर?" देविदासनं विचारलं.

"येईन. पुनमचं बोलायला."

"पुनमचंच?"

निलमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"आधी पुनमचं," ती म्हणाली. "मग... आपलं."

"अन् बानं पुनमला न्हाई म्हटलं तर?"

"तर पुन्हा येईन. हो म्हणेपर्यंत येईन."

"मला ऐकू येऊन राहिलं बरं का," पुनम म्हणाली. "आता मला कोणी घरी नेता का?"

दोघांनी दोन बाजूंनी तिला आधार दिला. दवाखान्याला चार पायऱ्या होत्या.

"उतरायचं का?" देविदासनं विचारलं.

"थांब... तिचा पाय बघ आधी. हं, आता."

"आता?"

"हो. आता."