गप्प झालेला उतार

"वन्सं, माझं जंगल मेलंय हो!"

फोनवर एवढं बोलून भावजय रडायला लागली. फौजदार नणंद हातातला चहा तसाच टाकून निघाली. सुट्टी गेली बोंबलत.

संशोधन केंद्रात भावजय नुसत्या येरझाऱ्या घालत होती. दाट पावसाळी जंगलात झाडांना रेकॉर्डर बांधायचे, बेडूक, किडे, पाखरं किती बोलतात ते ऐकायचं आणि त्यावरून जंगलाची तब्येत ठरवायची, हे तिचं काम. पूर्वेचा उतार महिनाभर गप्प होता. संध्याकाळी तसा अहवाल गेला, की तिथं कुऱ्हाड चालणार होती.

"ऐकव."

लांबचा गडगडाट. घुबडाचा घुमारा. एक बोदी, दबलेली टाळी. बाकी सामसूम.

"टाळी कसली?"

"बॅटरी बदलली की रेकॉर्डर सुरू करून समोर टाळी वाजवायची. नवं रेकॉर्डिंग कुठून सुरू झालं ते कळतं. सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय."

"पश्चिमेचं लाव."

तिथं किड्यांचा नुसता कल्ला होता आणि टाळी खणखणीत.

तोडीचा ठेकेदार बाहेर बाकावर मिशीत हसत बसला होता.

"वर गेला होतात?"

"मी कशाला? जंगल आपणहून मेलं, बाई."

त्याला आत टाकायला तिचे हात शिवशिवले.

मग तिचा धाकटा भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा. यंत्रांची देखभाल त्याच्याकडे.

"पूर्वेच्या बॅटऱ्या कोण बदलतं?"

"मीच. एवढा चढ चढायला दुसरं कोण जातंय, ताई?"

"माइक कसा होता?"

"उघडा, स्वच्छ. दरवेळी बघतो ना."

तो सारखी बोटं मोडत होता.

"जंगल मेलं, तर घुबड काय हवा खातंय?" ती भावजयीला म्हणाली. "जाड आवाज येतायत, बारीक अडतायत. माइकवर काहीतरी गुंडाळलंय."

"ठेकेदारानंच!"

"मलाही तोच हवा होता गं. पण बॅटरी बदलल्यावर त्यानं मागाहून गुंडाळलं असतं, तर या तुझ्या नवऱ्याची टाळी खणखणीत आली असती. आधीच गुंडाळलेलं असतं, तर याला दिसलं असतं. हा तर म्हणतो, माइक उघडा होता. यानंच गुंडाळलं आणि सवयीनं वर टाळीही वाजवली."

भाऊ बायकोकडे वळला.

"मोजा घातला होता," तो म्हणाला. "पोरगी आजीकडे वाढतेय. तुला 'फोनमधली आई' म्हणते. इथलं काम संपलं असतं, तर आपण घरी गेलो असतो."

भावजयीचे डोळे भरले. त्याचा राग यावा की स्वतःचा, तिला कळेना. तिनं वनाधिकाऱ्यांना फोन लावला.

"साहेब, अहवाल येणार नाही. तोड थांबवा. माइक मुद्दाम झाकला होता."

"कोणी?"

नवऱ्यानं हात जोडले. तिनं त्याच्याकडे बघतच त्याचं पूर्ण नाव सांगितलं.